बायोस अपडेट फसला, आता कंपनीच्या सपोर्टशी कसं बोलायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२२ च्या जुलैत नाशिकला भर दुपारी माझ्या मदरबोर्डचा बायोस (पीसी चालू करणारं बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट चालू होता, पट्टी अर्ध्यावर आली आणि लाइट गेली. इन्व्हर्टर होता, पण पंखे-बल्बवाल्या मोडवर ठेवलेला, त्यामुळे त्याने लोड उचलेपर्यंत पीसी बंद पडलेला. पुढचे एक्केचाळीस दिवस मी सपोर्ट, दुकानदार आणि सर्व्हिस सेंटर या तिघांच्या मधे फुटबॉलसारखा फिरलो, आणि खरं सांगायचं तर त्यातले निम्मे दिवस माझ्याच चुकांनी गेले. तेव्हापासून ओळखीतले, ओळखीतल्यांचे ओळखीतले असे सगळे याच कामासाठी फोन करतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो. माझ्या बोर्डाच्या कंपनीचं नाव विचारू नका, थोड्याफार फरकाने सगळीकडे असंच चालतं.

अपडेट फसला, स्क्रीन काळी. पहिलं काय करू?

काहीच नको. दहा-पंधरा मिनिटं हात बांधून बसा. माणूस घाबरून लगेच पॉवर बटण दाबून धरतो, एसएमपीएसचं (पॉवर सप्लायचं) बटण खाली-वर करतो, रॅम काढतो, प्रोसेसर काढतो, आणि केस बहुतेक वेळा इथेच बिघडते. फर्मवेअरचा, म्हणजे बायोसचा, घोळ दुरुस्त होतो, पण घाईघाईत प्रोसेसर काढताना तो बसतो त्या सॉकेटची एक पिन जरी वाकली तरी वॉरंटीचा विषय संपला.

दुसरं म्हणजे मोबाइल काढा आणि फोटो काढून ठेवा. बोर्डावरचे बिघाड दाखवणारे लाल-पिवळे डीबग दिवे, दोन आकडी कोड दिसत असेल तर तो, स्क्रीनवर काही एरर आली असेल तर ती. किती वाजता झालं, कुठल्या व्हर्जनवरून कुठल्या व्हर्जनवर जात होतात, अपडेट बायोसमधून केला की विंडोजमधून, हे आत्ताच लिहून ठेवा. आठवडाभराने सपोर्टवाला नेमकं हेच विचारतो आणि तेव्हा काही म्हणजे काही आठवत नाही.

पण बोर्ड खरंच गेलाय का, की उगाच घाबरलोय?

उगाच घाबरलेले बरेच असतात. नवीन डीडीआर५ वाले बोर्ड, खासकरून एएमडीचे एएम५ सॉकेटचे, अपडेटनंतर पहिल्यांदा चालू होताना रॅमचं ट्रेनिंग करतात, म्हणजे रॅमशी टायमिंग जुळवून घेतात, आणि त्यात कित्येक मिनिटं काळी स्क्रीन राहते. पंखे फिरतायत, रॅमचा दिवा पेटलाय, डिस्प्ले नाही, आणि माणूस म्हणतो बोर्ड मेला. रॅम जास्त असेल, चार स्टिक असतील, तर अजून वेळ. अशा वेळी मधेच बंद केलं की ते सगळं पहिल्यापासून.

तेवढ्यानेही काही झालं नाही तर पीसी बंद करून वायर काढा आणि सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोसची सेटिंग मूळपदावर आणा. बोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढा सीआर२०३२ सेल असतो तो काढून पाच-दहा मिनिटांनी परत लावायचा, किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या दोन पिना स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने काही सेकंद जोडायच्या. मग एकच रॅम स्टिक लावून बघा, कुठल्या स्लॉटमध्ये लावायची ते मॅन्युअलमध्ये असतं. हे सगळं सपोर्ट तुम्हाला करायला सांगणारच आहे, तर आधीच करून मोकळे व्हा आणि करतानाचा छोटा व्हिडिओ काढा.

आणखी एक. अपडेटनंतर पीसी चालू झाला पण विंडोज निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी की मागतंय, तर तो बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप आहे, बोर्डाचा यात काही दोष नाही. की बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते, दुसऱ्या फोनवरून लॉगिन करून बघा.

मागे फ्लॅशबॅकचं बटण आहे. ते दाबलं तर वॉरंटी जाईल का?

नाही. ते बटण कंपनीनेच पेनड्राइव्हवरून बायोस परत लिहायला दिलंय आणि मॅन्युअलमध्ये लिहिलंय, त्यामुळे बिनधास्त वापरा. उलट सपोर्टला मेल करायच्या आधी हे करून बघितलं नसेल तर त्यांचं पहिलं उत्तर हेच येणार, म्हणजे दोन दिवस फुकट. बऱ्याच बोर्डांवर यासाठी प्रोसेसर, रॅम काहीच लागत नाही, फक्त एसएमपीएसच्या दोन मुख्य केबल जोडलेल्या हव्यात.

घोळ होतो तो फाइलच्या नावाचा. प्रत्येक कंपनीचं आपलं वेगळं नाटक आहे. एमएसआयला फाइलचं नाव एमएसआय डॉट रॉम हवं, गिगाबाइटला गिगाबाइट डॉट बिन, एएसरॉकला क्रिएटिव्ह डॉट रॉम, आणि असुसच्या झिपमध्ये एक रीनेमर प्रोग्राम येतो तो चालवला की नाव आपोआप बदलतं. नाव अर्थातच इंग्रजी अक्षरात. विंडोजमध्ये एक्स्टेन्शन लपवलेली असतील तर नाव डॉट रॉम डॉट रॉम असं डबल होतं आणि माणूस तासभर डोकं फोडतो, हे मी स्वतः केलंय. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला, शक्यतो जुना, कमी जीबीचा, आणि मागच्या ज्या पोर्टभोवती खूण आहे त्याच पोर्टात. दिवा लुकलुकायला लागला की चालू झालं असं समजा, थांबेपर्यंत हात लावू नका. असुसवर दिवा न लुकलुकता सलग पेटून राहिला तर फाइल किंवा पेनड्राइव्ह चुकलाय. एका पेनड्राइव्हने झालं नाही तर दुसऱ्याने करा, तिसऱ्याने करा. माझ्या मावसभावाचा बोर्ड चौथ्या पेनड्राइव्हने उठला आणि तो सुद्धा लग्नाच्या व्हिडिओवाल्याने दिलेला होता.

बटणच नाही हो. यूट्यूबवर तो क्लिपवाला प्रोग्रामर दाखवतात, तो मागवू का?

वॉरंटी चालू असेल तर थांबा. बायोस म्हणजे बोर्डावरच्या आठ पायांच्या छोट्या फ्लॅश चिपमध्ये लिहिलेला डेटा, साधारण १६ किंवा ३२ एमबीचा. सीएच३४१ए नावाचा प्रोग्रामर काहीशे रुपयांत मिळतो आणि चिमटा चिपला लावून लॅपटॉपवरून तो डेटा परत लिहिता येतो, हे खरंय. पण त्या स्वस्त काळ्या प्रोग्रामरबद्दल जुनी तक्रार आहे की त्याच्या डेटाच्या लाइनवर ३.३ च्या जागी ५ व्होल्ट येतात, आणि काही चिपा तर १.८ व्होल्टवाल्या असतात, त्यांना वेगळा अडॅप्टर लागतो. चिमटा घसरून बाजूचं बारीक पार्ट उडालं तर सर्व्हिस सेंटरवाला भिंगातून ते बघतो आणि फाइल बंद करतो. वॉरंटी असताना हा खेळ कशाला? ती संपल्यावर काय करायचं ते खाली लिहिलंय.

गिगाबाइटच्या काही बोर्डांवर दोन बायोस चिपा असतात, ड्युअल बायोस. एक बिघडली तर दुसरीवरून उठतो. तुमच्यात असेल तर मॅन्युअल बघा, कदाचित हा पुढचा सगळा लेख तुम्हाला लागणारच नाही.

आधी दुकानदाराकडे जायचं की कंपनीकडे?

दोघांकडे एकाच दिवशी. दुकानदाराला फोन आणि कंपनीच्या साइटवर टिकेट, म्हणजे तक्रारीची नोंद. घेऊन फार दिवस झाले नसतील, पहिला आठवडा वगैरे, तर दुकानदारावर जोर द्या, कारण बरीच दुकानं सुरुवातीच्या ठराविक दिवसांत बोर्ड थेट बदलून देतात. ऑनलाइन घेतला असेल तर रिटर्नची मुदत किती उरलीय ते आत्ताच्या आत्ता बघा, लेख नंतर वाचा.

जुना असेल तर दुकानदार म्हणणार, "भाऊ, डायरेक्ट सर्व्हिस सेंटरला टाका, आमच्याकडून महिना जाईल." यात तो खोटं बोलत नसतो. आपल्याकडे बोर्डाच्या कंपन्या माल डिस्ट्रिब्युटरमार्फत विकतात, सर्व्हिसही कित्येकदा बाहेरच्या एजन्सीकडे असते, आणि दुकानदाराने घेतलेला बोर्ड आधी डिस्ट्रिब्युटरकडे, मग तिथून पुढे, असा फिरत जातो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात सर्व्हिस सेंटर जवळ असेल तर स्वतः जा. जळगाव, लातूर, रत्नागिरीवाल्यांनी आधी टिकेटमध्ये विचारायचं की तुमच्या पिनकोडवरून पिकअप आहे का, नसेल तर कुरिअरचा खर्च कोणाचा. विचारलं नाही तर तो तुमचाच.

दुकानदाराशी भांडू नका एवढंच सांगेन. बिलाची डुप्लिकेट कॉपी, डिस्ट्रिब्युटरचा नंबर, सर्व्हिस सेंटरमधल्या कोणाची ओळख, हे सगळं त्याच्याकडेच असतं. माझं काम शेवटी आमच्या दुकानवाल्या काकांच्या एका फोनने हललं.

बिल हरवलं / कच्चं बिल घेतलंय. आता?

ऑनलाइन घेतलं असेल तर ऑर्डर हिस्ट्रीतून मिळेल. दुकानातून घेतलं असेल तर जीएसटी बिल त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये असतं, तारीख आणि मोबाइल नंबर सांगा, निघेल. अठरा टक्के वाचवायला कच्चं बिल घेतलं असेल तर काय बोलणार. तरी सिरीयल नंबर टाकून बघा, काही कंपन्या बिल नसेल तर उत्पादनाच्या तारखेवरून वॉरंटी मोजतात, थोडे महिने कमी मिळतात पण मिळते. सिरीयलचा स्टिकर बोर्डावर असतो आणि खोक्यावरही. खोकं माळ्यावर टाकलंय ना? भंगारवाल्याला दिलं असेल तर बोर्डावरच्या स्टिकरचा फोटो काढा.

लाइट गेली होती हे सांगू का? त्यावरून वॉरंटी नाकारतील ना?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि यावर माझं मत ठाम आहे. खोटं बोलू नका, पण निबंधही लिहू नका.

वॉरंटी कार्डावर सहसा वीज पडणे, व्होल्टेज वरखाली होऊन पार्ट जळणे असलं काहीतरी वगळलेलं असतं. ते जळलेल्या बोर्डासाठी. अपडेट मधेच थांबला तर जळत काही नाही, चिपमधला डेटा अर्धवट राहतो. सर्व्हिस सेंटरकडे प्रोग्रामर असतो, त्यांना चिप परत लिहायची म्हणजे चहा गार व्हायच्या आत होणारं काम. त्यामुळे "अपडेट चालू असताना मधेच बंद पडला, त्यानंतर डिस्प्ले नाही" एवढं लिहा. हे शंभर टक्के खरं आहे आणि त्यांना लागतं तेवढंच आहे. का बंद पडला असं विचारलं तर सांगा लाइट गेली. काही कंपन्यांच्या कार्डावर फसलेला अपडेटही वगळलेला असतो, तुमच्या कार्डावर काय लिहिलंय ते आधी वाचा म्हणजे बोलताना तोंडघशी पडायला होणार नाही. तसं असेल तर वॉरंटीवर वाद घालत बसू नका, "चार्जेबल करून चिप लिहून द्या, खर्च सांगा" असं म्हणा.

"काहीच केलं नाही, आपोआप बंद पडला" हे मात्र नको. सर्व्हिस सेंटरला चिप वाचता येते, अर्धवट लिहिलेला बायोस त्यांना दिसतो. आणि तुम्ही एका मेलमध्ये एक आणि फोनवर दुसरं बोललात की नंतर तुमचं खरंही खोटं ठरतं. एका मित्राने "नवीन आणल्यापासून चालतच नाही" असं लिहिलं होतं, आणि त्याच सिरीयल नंबरवर त्याने सहा महिन्यांपूर्वी कॅशबॅक घेतलेला निघाला.

पहिला मेल कसा लिहू?

माझा पहिला मेल दोन पानी होता. त्यात राग होता, ग्राहकाचे हक्क होते, मी या ब्रँडचा किती जुना गिऱ्हाईक आहे हे होतं, फक्त बोर्डाचं मॉडेल आणि सिरीयल नंबर नव्हता. उत्तर आलं, कृपया मॉडेल आणि सिरीयल नंबर कळवा. ते उत्तर स्पॅममध्ये गेलं आणि आठवड्याने टिकेट आपोआप बंद. म्हणून स्पॅम रोज बघा, ही या अख्ख्या लेखातली सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात कामाची सूचना आहे.

मेल इंग्रजीत लिहावा लागेल, पण साधं इंग्रजी चालतं, समोरचा तैवानमध्ये किंवा कुठल्यातरी कॉल सेंटरमध्ये बसलेला असतो, त्यालाही शेक्सपियर नको असतो. मजकूर साधारण असा ठेवा:

"बोर्डाचं मॉडेल आणि रिव्हिजन हे. सिरीयल नंबर हा. अमुक तारखेला भारतात घेतला, बिल जोडलंय. प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस हे. अमुक तारखेला जुन्या अमुक व्हर्जनवरून तुमच्या साइटवरच्या अमुक व्हर्जनवर अपडेट करत होतो, बायोसमधल्याच टूलने. मधे बंद पडला. तेव्हापासून डिस्प्ले नाही, रॅमचा दिवा पेटून राहतो. सीमॉस क्लिअर केला, एक रॅम लावून बघितली, फ्लॅशबॅक तीन पेनड्राइव्हने करून बघितला, व्हिडिओ जोडलाय. बोर्ड वॉरंटीत सर्व्हिसला कसा पाठवायचा ते सांगा."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. "मदत करा" म्हटलं की मदत म्हणून अजून दहा स्टेप येतात. थेट आरएमए, म्हणजे बोर्ड सर्व्हिसला परत पाठवायची परवानगी, मागा.

रिव्हिजन विसरू नका. एकाच नावाच्या बोर्डाची रिव्हिजन १.० आणि १.२ वेगळी असू शकते आणि त्यांचे बायोसही वेगळे असतात. कित्येकांनी चुकीच्या रिव्हिजनची फाइल शोधलेली असते आणि टूलने नाही म्हटलं तरी कुठलंतरी जुनं सॉफ्टवेअर वापरून घुसवलेली असते. तसं केलं असेल तर, वर सांगितलंच, लपवू नका.

सपोर्टवाला परत परत तेच करायला सांगतोय. वेड लागेल.

त्याच्यासमोर एक यादी असते, ती टिक केल्याशिवाय त्याला केस पुढे ढकलता येत नाही. तो मुद्दाम करत नाही, त्याला बिचाऱ्याला बोर्ड दिसतही नाही. प्रत्येक स्टेपसमोर "केलं, हा निकाल, अमुक तारखेला" असं लिहून त्याच मेलच्या उत्तरात पाठवा. नवीन टिकेट उघडू नका, नवीन टिकेट म्हणजे नवीन माणूस आणि पुन्हा "प्लीज क्लिअर सीमॉस". तीन वेळा तेच झालं तर नम्रपणे लिहा की केस सिनिअरकडे द्या. फोनवर बोलणं झालं तर फोन ठेवल्या ठेवल्या दोन ओळींचा मेल टाका, "आत्ता फोनवर तुम्ही असं असं सांगितलंत". पुढे उपयोगी पडतो.

मी बीटा (अजून चाचणीत असलेला) बायोस टाकला होता. मग संपलंच का?

तसं नाही. २०२३ मध्ये यावरून मोठा गदारोळ झाला होता. एएमडीच्या रायझन ७००० च्या एक्स३डी प्रोसेसरांचे जळण्याचे प्रकार झाले, सगळ्या कंपन्यांनी प्रोसेसरचं एसओसी व्होल्टेज १.३ वर बांधणारे बायोस घाईघाईत काढले, आणि असुसच्या साइटवर त्यातल्या बीटा बायोसखाली वॉरंटी जाईल अशा अर्थाची सूचना होती. म्हणजे प्रोसेसर वाचवायचा तर हा टाका आणि टाकला तर वॉरंटी विसरा! गेमर्स नेक्सस या यूट्यूब चॅनेलने ते लावून धरल्यावर त्या मे महिन्यात असुसने जाहीर केलं की बीटा बायोस आणि एक्सपो, एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग) वापरलं तरी वॉरंटी राहते. तुमची कंपनी दुसरी असेल तर तिच्या डाउनलोड पानावरच्या त्या बारीक अक्षरांचा स्क्रीनशॉट काढा. पानं बदलतात, स्क्रीनशॉट राहतो.

कोणाच्यातरी ड्राइव्हवरून घेतलेला मॉड केलेला बायोस मात्र वेगळी गोष्ट. त्याला कोणी उभं करणार नाही.

सर्व्हिस सेंटरला देताना काय काळजी घेऊ?

हे नीट वाचा. फसलेल्या अपडेटवरून बोर्ड नाकारलेला मी क्वचित बघितलाय, वाकलेल्या पिनेवरून नाकारलेले डझनभर बघितलेत.

इंटेलचे हल्लीचे सगळे आणि एएमडीचे एएम५ बोर्ड यांच्या सॉकेटमध्येच केसासारख्या पिना असतात, एएम५ ला तर १७१८. प्रोसेसर काढला की उजेडात सॉकेटचा मोबाइलवर झूम करून फोटो घ्या, दोन-तीन कोनांतून, बाजूला बोर्डाचा सिरीयल दिसेल असा एक. मग प्लास्टिकचं सॉकेट कव्हर लावा. ते कव्हर असेंब्लीच्या दिवशी आपण फेकून देतो. फेकलं असेल तर दुकानदाराकडे मागा, त्याच्याकडे डबाभर पडलेली असतात. कव्हर नसताना काही सेंटर बोर्ड घेतच नाहीत.

काउंटरवर त्यांच्या माणसासमोर कव्हर उघडून पिना दाखवा आणि जॉबशीटवर "पिना ठीक" असं लिहून घ्या. तो "साहेब लागत नाही" म्हणेल. तुम्ही म्हणा, "दादा, लिहा ना, तुम्हालाही बरं." जॉबशीटवर सिरीयल नंबर, तक्रार आणि तारीख बरोबर आहे का ते तिथेच वाचा, नंतर घरी नाही. कुरिअरने पाठवत असाल तर अँटीस्टॅटिक पिशवी, वर बबल रॅप, मूळ खोकं, त्यावर अजून एक खोकं, आणि पॅक करतानाचा सलग व्हिडिओ.

"फिजिकल डॅमेज" म्हणून परत पाठवला. खोटं बोलतायत.

फोटो मागा. कुठे डॅमेज आहे, गोल करून दाखवा म्हणावं. तुमच्याकडे आधीचे फोटो असतील तर तेच टिकेटमध्ये शेजारी शेजारी लावा. एका ओळखीच्या मुलीच्या बोर्डावर त्यांनी ओरखडा दाखवला होता, तिने देतानाच्या फोटोत तो ओरखडा नाही हे दाखवल्यावर चार दिवसांत बोर्ड बदलून आला, सॉरी वगैरे कोणी म्हटलं नाही. फोटो नसतील तर वाद लांबतो, आणि मग "पेड रिपेअर करा" यावर गाडी येते. रक्कम लेखी घ्या.

यूट्यूबवर अमेरिकन लोक म्हणतात की स्टिकर फाडला म्हणून वॉरंटी नाकारणं बेकायदा आहे. बरोबर आहे, पण ते त्यांच्याकडचं. तिथे १९७५ चा वॉरंटी कायदा आहे आणि २०२४ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने एएसरॉक, गिगाबाइट आणि झोटॅकला स्टिकरवरून पत्रंही पाठवली होती. नाशिकच्या काउंटरवर तो कायदा सांगून उपयोग नाही, आपला वेगळा आहे, खाली सांगतो.

किती दिवस लागतात? नवीन बोर्ड मिळतो का?

नुसती चिप लिहायची असेल आणि सेंटर शहरातच असेल तर कधी कधी त्याच दिवशी. बदलायचा झाला तर आठवडे. नवाच मिळेल असं धरू नका, दुरुस्त केलेला दुसऱ्याचा बोर्ड येऊ शकतो. मॉडेल बंद झालं असेल तर बरोबरीचं दुसरं देतो म्हणतात, तेव्हा एसएसडीचे एमडॉटटू स्लॉट किती, रॅमचे स्लॉट किती, वायफाय आहे का हे मोजून मगच हो म्हणा. चार स्लॉटच्या बदल्यात दोन स्लॉटचा बोर्ड गळ्यात मारलेली केस मला माहितीय.

बोर्ड बदलला की सिरीयल नंबर बदलतो. नवा नंबर आणि उरलेली वॉरंटी लेखी घ्या. विंडोजही पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट करायला लागू शकतं.

वॉरंटी संपलीय. टाकून देऊ?

अजिबात नाही! आता तो प्रोग्रामर काढा. किंवा चिप-लेव्हलवाल्याकडे द्या, लॅमिंग्टन रोडला आणि प्रत्येक मोठ्या शहरात लॅपटॉप रिपेअरवाले हे काम रोज करतात. त्याला दोन गोष्टी सांगा. आधी चिपमध्ये आहे तो डेटा वाचून त्याची कॉपी ठेव, कारण लॅनचा मॅक अ‍ॅड्रेस, सिरीयल अशा गोष्टी कित्येक बोर्डांवर त्याच चिपमध्ये असतात आणि कंपनीची फाइल तशीच लिहिली की त्या पुसल्या जातात. आणि साइटवरची फाइल जशीच्या तशी लिहायची नसते, उदाहरणार्थ असुसच्या कॅप फाइलच्या डोक्यावरचे २०४८ बाइट आधी उडवावे लागतात. हे ऐकून तो "माहितीय हो" म्हणाला तर बोर्ड द्या, "म्हणजे?" म्हणाला तर पुढच्या दुकानात.

भावाने अमेरिकेतून आणलेला बोर्ड आहे.

वॉरंटी बहुतेक तिथलीच. भाऊ परत जाणार असेल तर त्याच्या बॅगेत टाका, तिथला पत्ता देऊन त्याच्या नावाने टिकेट करा. तरी एकदा इथे विचारा, नाही म्हणतील, पण मेलला पैसे लागत नाहीत.

ग्राहक मंचात जाऊ का?

आधी १९१५. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, फोन करा किंवा ऑनलाइन तक्रार नोंदवा, फुकट आहे. तक्रार कंपनीकडे पोचवतात आणि बऱ्याचदा तेवढ्यानेच इतके दिवस न सापडलेला "सिनिअर" माणूस सापडतो. माझ्या वेळी तक्रार टाकल्यावर तिसऱ्या दिवशी फोन आला होता.

त्याने नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे आणि त्यात आपल्या फायद्याची गोष्ट अशी की तुम्ही राहता किंवा काम करता त्याच जिल्ह्यात केस टाकता येते, कंपनीचं ऑफिस बंगळुरूला का असेना. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइन दाखल करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत टाकायची. पण बारा हजारांच्या बोर्डासाठी तारखांना जायची तयारी आहे का ते स्वतःला विचारा. मी तरी आधी एक नोटीस पाठवेन, स्पीड पोस्टाने, साध्या भाषेत, पंधरा दिवसांची मुदत देऊन, आणि सगळ्या मेलच्या प्रिंट जोडून. म्हणूनच वर सारखं लेखी लेखी म्हणत होतो.

मग अपडेट करायचाच नाही का कधी?

चालतंय ते चालू दे, हे जुनं मत होतं. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या प्रोसेसरांनी ते मोडलं. त्यात प्रोसेसर हळूहळू खराब होत होते, २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यावरचे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या कोडची दुरुस्ती) बायोस अपडेटमधूनच आले, आणि इंटेलने त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. अशा वेळी न करून चालत नाही. फक्त पीसी यूपीएसवर ठेवून करा, किंवा इन्व्हर्टरचं मागचं बटण यूपीएस मोडवर करा, पावसाळ्यात दुपारी करू नका, आणि विंडोजमधल्या टूलपेक्षा बायोसमधून करा.

बोर्ड पाठवताना त्यावरचं सगळं काढायचं का?

हो. प्रोसेसर, कूलर, रॅम, एसएसडी सगळं घरी. हीटसिंक बोर्डाचेच असतात ते राहू द्या. मागच्या पोर्टांभोवतीची पट्टी वेगळी येत असेल तर ती घरी ठेवा. आणि एमडॉटटूचे ते बारके स्क्रू काढून पाकिटात घालून पाकिटावर नाव लिहा. माझा बोर्ड एक्केचाळीस दिवसांनी चालू होऊन आला, स्क्रू आले नाहीत, आणि एसएसडी अजूनही चिकटपट्टीवर आहे.